थांबण्याची व्याख्या

सुब्बारावांच्या उजव्या चपलेचा तळ अंगठ्याखाली झिजला होता. डाव्या चपलेच्या तळाशी कंपनीचं नाव अजून वाचता येत होतं. उजवीवर ते पुसून गेलं होतं आणि त्या जागी एक गुळगुळीत, किंचित खोलगट ठिपका तयार झाला होता. दाराबाहेरच्या रॅकपाशी बूट घालताना शेषगिरीला तो दिसला, आणि त्याने सवयीने कारण शोधायला घेतलं. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासणं हे त्याचं काम होतं. काटा शून्यावर दिसतो तेव्हा तो खरोखर शून्यावर असतो का, हे पाहण्यात त्याची अर्धी नोकरी गेली होती. असमान झीज पाहून पुढे जाणं त्याला जमत नसे.

कारण लगेच सापडलं. त्याचे वडील सुब्बाराव जुन्या पद्धतीने सायकलवर चढत. डावा पाय पेडलवर, उजव्या पायाने जमिनीला रेटे देत सायकल चालती करायची आणि तिने वेग घेतला की उजवी टांग मागून पलीकडे टाकायची. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ही टांग सायकल चालती असेल तरच वर जायची. उभ्या सायकलवर ती कॅरिअरच्या खालीच अडायची. रेटे देणारा पाय उजवा, म्हणून झीज उजवीकडे. शेषगिरीचं समाधान झालं आणि तो खाली गेला, कारण त्या सकाळी त्याला गेटजवळ पिवळी रेषा मारून घ्यायची होती. चपलेचा आणि रेषेचा काही संबंध असेल, असं त्याच्या मनातही आलं नाही.

रेषेचं मूळ एका केकमध्ये होतं.

एचएसआर लेआउटमधल्या त्यांच्या इमारतीचं गेट आतल्या अंगणापेक्षा जरा उंचावर आहे. पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी आत येतं म्हणून बिल्डरने तिथे चढ दिला. तिसऱ्या मजल्यावरची वाणी एका संध्याकाळी मुलीच्या वाढदिवसाचा केक शेजारच्या सीटवर ठेवून गाडी आत घेत होती, तेव्हा पाचव्या मजल्यावरचा किरणकुमार आपल्या हलक्याफुलक्या महागड्या सायकलवरून गेटबाहेर सुटला. कोणाला काही लागलं नाही. वाणीने ब्रेक दाबला, केक सीटवरून खाली गेला, एवढंच. पण तिने त्याचा फोटो काढून इमारतीच्या ग्रुपवर टाकला. फोटोत केकवरची परी उलटी पडली होती आणि तिचे फक्त पाय दिसत होते. रात्रीपर्यंत त्याखाली इतके संदेश जमले की लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय पार वर निघून गेला.

अध्यक्ष मोहनकुमार हे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. कुठलाही प्रश्न समितीकडे सोपवला की निम्मा सुटतो, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी वाहतूक उपसमिती नेमली आणि शेषगिरीला तिचा निमंत्रक केलं, कारण तो एकटाच बैठकीत काही बोलला नव्हता. शेषगिरीने काम मनावर घेतलं. 'गेटजवळ थांबावे' असं नुसतं लिहून भागणार नाही, हे त्याला पहिल्यापासून स्पष्ट होतं. थांबणं म्हणजे काय? हळू होणं म्हणजे थांबणं का? त्याने दोन रविवार खर्चून व्याख्या तयार केली: रेषेशी आल्यावर वाहनाचा वेग शून्य व्हावा, आणि वाहन दुचाकी असल्यास चालकाचा किमान एक पाय जमिनीस टेकलेला असावा. रेषा चढाच्या माथ्यावर ओढली, कारण तिथूनच रस्ता दोन्ही बाजूंना दिसतो. नियम मंजूर झाला. व्याख्येबद्दल त्याचं खास अभिनंदन झालं, आणि तो त्या रात्री जेवताना दोनदा हसला, असं त्याच्या बायकोने, संयोगिताने, नंतर सांगितलं.

नियम सुरू झाला त्या सकाळी शेषगिरी मुद्दाम कामावर उशिरा निघणार होता, तेवढ्यात वॉचमन यल्लाप्पा धापा टाकत वर आला. यल्लाप्पा बेळगावकडचा. त्याच्या हातात शिटी दिली होती आणि व्याख्या त्याच्याकडून पाठ करून घेतली होती.

“ओ साहेब, खाली या की जरा,” तो म्हणाला. “ते किरणसाहेब थांबलेत, पण पाय टेकत न्हाईत. शिटी मारू का नको?”

किरणकुमार रेषेवर होता. त्याचे दोन्ही पाय पेडलवर होते, बुटांना खाली खटके होते आणि ते पेडलमध्ये अडकलेले होते. पुढचं चाक त्याने किंचित तिरपं केलं होतं आणि सायकल जागच्या जागी उभी होती. तोल जात नव्हता, चाक हलत नव्हतं. ही कला शिकायला फार दिवस लागतात, असं त्याने शेषगिरीला तशाच स्थितीत समजावून सांगितलं. मागे दोन स्कूटर आणि एक शाळेची रिक्षा खोळंबली होती. वेग शून्य होता हे शेषगिरीला मान्य करावं लागलं. पाय टेकलेला नव्हता हेही दिसत होतं. त्याने विचार करायला वेळ मागितला आणि किरणकुमारने तो उदार मनाने, न हलता, दिला.

तेवढ्यात मागून घंटी वाजली आणि सुब्बाराव आले. ते रोज सकाळी जवळच्या आगरा तळ्याकडे देवाची सुटी फुलं आणायला जात. फुलांबरोबर तिथे ते एक वडाही खात. तो त्यांच्या पत्नीला, भागीरथीबाईंना, माहीत नव्हता, असं त्यांना वाटत असे. सुब्बारावांनी नियम वाचला होता आणि मुलाने केलेला म्हणून तो पाळायचं ठरवलं होतं. रांगेच्या कडेने येत त्यांनी चढापुरता वेग राखला, रेषेशी उजवा पाय पेडलवरून उतरवला, चपलेचा अंगठा जमिनीवरून सर्रकन ओढत नेला आणि पलीकडे गेल्यावर पाय पुन्हा पेडलवर ठेवला. जाता जाता त्यांनी यल्लाप्पाकडे पाहून मान हलवली.

म्हणजे एकाचा वेग शून्य होता आणि पाय वर होता. दुसऱ्याचा पाय खाली होता आणि वेग शून्य नव्हता. शेषगिरीच्या व्याख्येतल्या दोन अटी दोन माणसांनी आपसात वाटून घेतल्या होत्या. यल्लाप्पाने दोघांकडे पाहिलं, मग शिटीकडे पाहिलं, आणि शेवटी ती शाळेच्या रिक्षावर वाजवली.

त्यानंतर सल्ले सुरू झाले. मोहनकुमारांचं मत पडलं की व्याख्येला एक पोटकलम जोडावं. वाणी म्हणाली, तिला व्याख्येशी देणंघेणं नाही, पण पुढच्या वाढदिवसाला केक अखंड हवा. तळमजल्यावरचे एक गृहस्थ अमुक देशात सायकलींना थांबण्याचा फलक नुसता सावकाशीचा मानला जातो, असं सांगून गेले. त्यांना देशाचं नाव आठवेना, आणि आठवल्यावर कळवतो म्हणाले ते आजतागायत कळवलेलं नाही. भागीरथीबाईंनी देवघरातूनच विचारलं, “ह्याच सायकलच्या दांड्यावर बसून शाळेत गेलास तू. तेव्हा तुझे अण्णा कुठं पाय टेकत होते रे?” शेषगिरीने आईला सांगितलं की तेव्हा गेट नव्हतं. त्यावर त्या म्हणाल्या, तेच म्हणतेय मी.

मूळ कायद्यात काय आहे हे पाहावं म्हणून शेषगिरी एका शनिवारी वाहतूक पोलिसांच्या ठाण्यात गेला. सायकलवाल्याने थांबण्याच्या रेषेशी काय करावं, असा त्याचा साधा प्रश्न होता. टेबलामागच्या अधिकाऱ्याने सहानुभूतीने गाडीचा नंबर विचारला. शेषगिरीने सांगितलं की सायकलला नंबर नसतो. मग तक्रार कोणाविरुद्ध आहे, असं अधिकाऱ्याने विचारलं. तक्रार नाही, शंका आहे, म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. “नंबर इल्ला अंद्रे, केस इल्ला,” तो म्हणाला. नंबर नाही म्हणजे केस नाही. पण थांबायचं तर असेलच ना, शेषगिरीने विचारलं. थांबायचंच, अधिकारी म्हणाला, सगळ्यांनी थांबायचं. थांबणं म्हणजे नक्की काय, असं विचारायचा मोह शेषगिरीला आवरला नाही. अधिकाऱ्याने खाली ठेवलेलं पेन उचलून खिशाला लावलं. “स्टॉप अंद्रे स्टॉप,” तो शेवटी म्हणाला. त्याच वेळी खिडकीबाहेरच्या चौकात लाल दिवा असताना तीन सायकलवाले रमतगमत पलीकडे गेले. अधिकाऱ्याने त्यांच्याकडे आकाशातल्या पक्ष्यांकडे पाहावं तसं पाहिलं.

ही सगळी माहिती शेषगिरीने व्यवस्थित टाइप करून मोहनकुमारांना दिली. त्यांनी त्यातून एकच गोष्ट उचलली. सायकलींना इमारतीतर्फे नंबर द्यावेत. आठवड्याभरात प्रत्येक सायकलच्या मडगार्डवर एक निळा गोल चिकटवला गेला. सुब्बारावांना क्रमांक एक मिळाला. मान आहे तुमचा, असं यल्लाप्पा त्यांना म्हणाला, आणि ते खूश झाले.

नंबर मिळाल्यामुळे मात्र त्यांची चूक आता नोंदवता येऊ लागली. पाय ओढणं चालणार नाही, असं मोहनकुमारांनी त्यांना अदबीने सांगितलं. सुब्बाराव म्हणाले, “नियम आहे ना? सरी, ठीक आहे.” दुसऱ्या दिवसापासून ते रेषेशी खरंच थांबू लागले. ब्रेक त्यांचे उत्तम होते. थांबण्यात अडचण नव्हतीच. अडचण निघण्यात होती. सीट उंच होती, बसल्या बसल्या फक्त अंगठा टेकायचा, आणि चढावर अंगठ्याच्या रेट्याने सायकल सुटत नसे. म्हणून ते उतरायचे, सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडायचे, आणि पलीकडच्या फुटपाथवर शहाळंवाल्याच्या गाडीपाशी जरा सपाट फरशी होती तिथून रेटे देत निघायचे. पूर्वी ज्या रस्त्यावरून ते वळून सरळ जात, तो रस्ता आता ते रोज सायकलसकट पायी ओलांडत होते. हे शेषगिरीला माहीत नव्हतं. तो त्याआधीच पीण्याला निघालेला असे.

त्याला कळलं ते हळदीवरून. एका संध्याकाळी वडिलांच्या कोपरावर हळद दिसली. सुब्बाराव म्हणाले, भिंतीला घासलं. भागीरथीबाईंनी आमटीचं पातेलं नेहमीपेक्षा जोरात ठेवलं. रात्री खोलीत संयोगिताने त्याला सांगितलं की फुटपाथची एक फरशी उचकटलेली आहे, आणि चढताना ते तिच्यावरून घसरून पडले.

“मग त्यांनी सोडावी ना आता सायकल,” शेषगिरी म्हणाला.

संयोगिता पुण्याची. तिला मनातलं मनात ठेवायची सवय नव्हती. “तू एकदा तसं म्हण,” ती म्हणाली. “उद्या सकाळी ती सायकल खाली धूळ खात पडलेली असेल. ते तुला एका शब्दाने विचारायचे नाहीत. अरे, म्हणूनच ते तुझ्यासमोर विषय काढत नाहीयेत. गिरी, त्यांच्याकडे आता दिवसभरात स्वतःचं असं काय आहे, सांग बरं?”

शेषगिरीने मनात हिशेब मांडला. नियमातून सायकली वगळाव्यात, असा अर्ज किरणकुमारने दिलेलाच होता. वगळल्या, तर निमंत्रकाने वडिलांसाठी नियम वाकवला असं लोक म्हणणार, आणि ते खरंही असणार. नाही वगळल्या, तर अण्णा एक दिवस पुन्हा पडणार, किंवा सायकल सोडणार. तिसरा मार्ग म्हणजे सोडा असं त्यांना तोंडावर सांगणं. तिन्ही मार्ग त्याने नीट तपासले आणि तिन्ही पुढे ढकलले. मासिक बैठकीत हा विषय नेहमी शेवटी यायचा. एकदा कोरम नव्हता. एकदा लिफ्टने वेळ खाल्ला. पुढच्या दोन्ही वेळा शेषगिरीने स्वतःच सांगितलं की अधिक निरीक्षणांची गरज आहे. घरी वडिलांच्या आणि त्याच्या गप्पा हवामानावर येऊन थांबल्या.

अखेर निरीक्षणाची एक कल्पना त्यालाच सुचली, आणि ती त्याने ग्रुपवर जाहीर केली हे त्याचं दुर्दैव. निरोगी माणसाला रेषेशी पूर्ण थांबून पुन्हा सहज निघता येतं, हे तो स्वतः दाखवून देणार होता. रविवारी सकाळी उपसमिती गेटजवळ जमली. बाल्कन्यांतही माणसं दिसत होती. शेषगिरीने वडिलांची सायकल घेतली होती, कारण प्रयोग त्याच परिस्थितीत व्हायला हवा. तो ऑफिसची इस्त्रीची पँट घालून आला होता. समितीचं काम होतं.

रेषेपर्यंत सगळं चांगलं झालं. वेग शून्य झाला, डाव्या पायाचा अंगठा टेकला. यल्लाप्पाने मान्यतेची मान हलवली. मग शेषगिरीने उजवं पेडल दाबलं. सायकल पुढे जाण्याऐवजी, काही क्षण विचार केल्यासारखी थांबली आणि चढावरून मागे यायला लागली. त्याने जोर वाढवला, तेव्हा पँटचा पाय साखळीत गेला. तो आडवा झाला तो अत्यंत सावकाश, सगळ्यांना नीट पाहता येईल असा, आणि पडताना त्याचा हात रेषेच्या बरोबर मध्यावर टेकला. वाणी धावत आली. तिच्या पर्समध्ये पट्टी होती, आणि ती लावताना तिने केकचा एकदाही उल्लेख केला नाही, हे शेषगिरीला पडण्यापेक्षा जास्त लागलं. मोहनकुमारांनी प्रयोगाचा निष्कर्ष काय लिहायचा असं विचारलं. सुब्बाराव गर्दीतून पुढे आले, त्यांनी आधी सायकल उचलली, हँडल सरळ आहे का ते पाहिलं, चाक फिरवून बघितलं, आणि मग मुलाला म्हणाले, “काळजी नको. सायकलला लागलं नाही.”

गुडघा सुजल्यामुळे शेषगिरी दुसऱ्या दिवशी घरी राहिला. सकाळी कॉफीचा पेला घेऊन बाल्कनीत बसला असताना त्याला खाली वडील दिसले. त्यांचं कोपर दुखावल्यापासून यल्लाप्पा त्यांच्या वेळेला मीटरच्या खोलीकडे तोंड करून उभा राहत असे, आणि त्यामुळे सुब्बाराव पुन्हा न उतरता निघत होते. शेषगिरीने हे पहिल्यांदाच वरून पाहिलं. ते गेटच्या बरेच आधी हळू झाले. घंटी वाजवली. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि रस्त्यावर एक टेम्पो येताना दिसला. ते थांबले नाहीत. त्यांनी चढाच्या आधीच सायकल वळवली, अंगणातल्या बदामाच्या झाडाभोवती एक संथ फेरी मारली, आणि पुन्हा गेटकडे आले. पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. रस्ता रिकामा होता. मिळवलेल्या वेगावर ते चढ चढले आणि अलगद वळून दिसेनासे झाले.

त्यांच्या मागोमाग वाणीची गाडी आली. ती रेषेशी थांबली. चाकं पूर्ण स्थिर झाली. वाणीने फोनमध्ये काहीतरी वाचलं, फोन ठेवला, आणि सरळ समोर बघत बाहेर पडली. एका स्कूटरवाल्याने करकचून ब्रेक मारला.

व्याख्येप्रमाणे वाणीचं काही चुकलं नव्हतं. शेषगिरीने रिकामा पेला कठड्यावर ठेवला. काटा शून्यावर होता, त्याबद्दल शंका नव्हती. पण ते उपकरण मोजत काय होतं? त्याला हवी होती सावधगिरी, आणि मोजता येतो म्हणून त्याने वेग मोजला होता. त्याच्या कारखान्यात एखाद्या शिकाऊने ही चूक केली असती, तर शेषगिरीने त्याला पुन्हा पहिल्या पानापासून बसवलं असतं.

वार्षिक सर्वसाधारण सभा तळमजल्यावरच्या हॉलमध्ये भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कागदी पेल्यांत कॉफी, आणि दाराशी यल्लाप्पा. सभा नेहमीप्रमाणे इंग्रजीत सुरू होऊन वाद वाढल्यावर कन्नडमध्ये गेली. सुब्बाराव तिसऱ्या रांगेत बसले होते. एरवी ते सभेला येत नसत. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि भागीरथीबाई शेजारी होत्या. सायकलींचा विषय यावेळी मोहनकुमारांनी पहिला घेतला, आणि निमंत्रकांनी अधिक निरीक्षणं मागू नयेत अशी विनंती केली. लोक हसले. किरणकुमारने आपला अर्ज पुन्हा वाचला. सायकली वगळल्या तर उद्या स्कूटरवालेही मागतील, असं कोणीतरी म्हणालं. मग वाणी उभी राहिली. तिचा आवाज चढलेला नव्हता. तिने विचारलं की शेषगिरी हा निर्णय इतके महिने घेत नाहीयेत, तो त्यांच्या वडिलांमुळे का?

“हो,” शेषगिरी म्हणाला.

 हे उत्तर इतकं लहान येईल असं कोणाला वाटलं नव्हतं; त्यालाही नाही. मग त्याने बाल्कनीतून काय पाहिलं ते सांगितलं, बदामाच्या झाडाभोवतीची फेरीसुद्धा. वाणीच्या फोनबद्दल तो काही बोलला नाही. आपली व्याख्या चुकली होती, हेही त्याने सांगितलं. वडील त्याचे होते म्हणून त्याने पाहिलं, हे खरं. पण जे दिसलं ते कोणाच्याही वडिलांच्या बाबतीत तेवढंच खरं असतं, असं तो म्हणाला. मोहनकुमारांनी विचारलं, तर मग उपसमितीची शिफारस नेमकी काय आहे?

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत हालचाल झाली. सुब्बारावांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली होती आणि ते उठत होते. भागीरथीबाईंनी त्यांचा शर्ट मागून धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. चेहऱ्यावर तोच शांत, आज्ञाधारक भाव होता, नियम आहे ना, सरी, म्हणतानाचा. मुलाची अडचण चारचौघांत दूर करायची, तेही आपणच, एका वाक्यात. ते वाक्य कोणतं असणार हे शेषगिरीला ओळखता आलं, आणि ते एकदा बोललं गेलं की परत घेतलं जाणार नाही हेही. ज्या भाषेत सभा चालली होती ती त्याने तिथेच सोडली आणि तो घरच्या मराठीवर आला.

“अण्णा, तुम्ही बसा,” तो म्हणाला. “सायकलनं तिथं थांबायचं नाही. हळू व्हायचं, दोन्हीकडं बघायचं, आणि रस्ता मोकळा असला की जायचं. उद्या सकाळी तुम्ही जायचं, अण्णा.”